दौंडचा दुसरा रविवार

कवठे येमाई, ता. शिरूर
९ जानेवारी २०२४

ती. रोहिदासमामांना सत्यजीतचा नमस्कार.

मामा, पोस्टानं आलेलं पत्र बघून तुम्ही दचकाल. पण फोनवर आता बोलता येत नाही. दिवाळीत दादाला माझ्या मोबाईलमध्ये एका मुलाशी केलेलं चॅट सापडलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी घरी गेलो की दादा हात पुढं करतो, मी मोबाईल त्याच्या हातावर ठेवतो आणि तो सगळे कॉल, मेसेज तपासतो. सत्तावीस वर्षांचा झालो, दूध डेअरीवर नोकरी करतो, पण देतो. वडिलांना, म्हणजे आण्णांना, त्यानं अजून सांगितलेलं नाही. "सांगत न्हाई म्हणून गप ऱ्हायचं," एवढं मात्र रोज ऐकवतो.

तुम्ही पत्र डेअरीच्या पत्त्यावर पाठवा. पोस्टमन म्हस्कूनाना थेट माझ्या हातात देतात.

तीन वर्षं झाली, दादाच्या लग्नात तुमचा बँड आला होता. वरात संपल्यावर मी उगाच तुमच्याजवळ येऊन बसलो, तर क्लॅरनेट पुसता पुसता तुम्ही म्हणालात, "दौंडला दुसऱ्या रविवारी ये. आपल्यासारखी माणसं जमत्यात, गाणंबजावणं असतंय." 'आपल्यासारखी' हा शब्द मी घरी येईपर्यंत तोंडात घोळवला. तरी यायला दोन वर्षं लावली.

परवा मनात सगळे रविवार मोजले, पाच झाले. दुपारी दोनला तुम्ही बँडच्या तालमीच्या शेडचं शटर ओढून घेता, वरातीचे दिवे लावता आणि आत रात्र होते. पहिल्या दिवशी करिश्माताई दारात उभी होती. तिच्यासारखी बाई मी तोवर सिग्नलला टाळी वाजवतानाच पाहिलेली. मी नजर खाली घातली, तर ती म्हणाली, "चहा घेणार का आधी पाणी?" मी घाबरलोय हे तिला कळलं होतं. "आपल्याला रात्री घराबाहेर पडता येत न्हाई ना? मंग रात्रच दुपारी आणायची." मग ती नाचली आणि इनामगावच्या माऊलीनं ढोलकी धरली. दवाखान्यातली नर्स अनुपमा आणि तिची हर्षदा हातात हात घालून नाचल्या. मी भिंतीला टेकून बसलो होतो. मला रडू का येत होतं ते तुम्ही विचारलं नाहीत, ते फार बरं केलंत.

दादानं कारेगावचं एक स्थळ आणलंय. या महिन्यात बघायला जायचंय. काय करू ते कळवा.

आपला,
सत्यजीत


दौंड
१७ जानेवारी २०२४

चि. सत्यजीतला रोहिदासचा आशीर्वाद.

पत्र पावलं. मी सातवी शिकलेला माणूस, लिव्हण्यात चुका आसतील, सांभाळून घे.

लग्नाचं मी काय सांगू? मी केलं. बायको चांगली होती, बारा वर्षं नांदली आन् वारली. तिचं माझ्यामुळं काय काय हुकलं ते मला ती गेल्यावर कळलं. ह्याच्यापेक्षा जास्त मला लिव्हता येत न्हाई. तुझं तू ठरव, पण ठरवायच्या आधी हे वाच.

आता चांगली गोष्ट. करिश्माच्या डोक्यात लय दिवस होतं, की शटर पाडून किती दिवस बसायचं? ती गोपाळवाडी रोडला एक छोटा हॉल बघून आली. ११ फेब्रुवारीचा रविवार, दुपारी तीन ते सहा. मालकाला वाढदिवस म्हणून सांगितलंय. खुर्च्या, माईक, खिडक्या उघड्या! माणसं घरातली दोन माणसं घेऊन आली तरी चालतील आसं तिचं म्हणणं. हर्षदाची आई येणार हाय म्हणती. मला तर खरंच वाटंना.

माऊली झेंडू आणणार, त्यांचा फुलाचाच मळा हाय. कुरकुंभच्या कंपनीत काँट्रॅक्टवर हाय, पण त्या दिवशी सुट्टी टाकली त्यानं. ढोलकीला नवी शाईबी लावून घेतली.

आन् तू गवळण म्हणायची. त्या दिवशी भिंतीला टेकून बारक्या आवाजात म्हणत होतास ती. मी मागं क्लॅरनेट धरतो.

हॉल कुठला ते सध्या चौघांनाच ठाव हाय. मी, करिश्मा, माऊली आन् आता तू. बाकीच्यांना त्याच दिवशी सकाळी सांगायचं ठरलंय. कुणापाशी बोलू नको.

तुझा,
रोहिदासमामा


कवठे येमाई
२९ जानेवारी २०२४

ती. मामांना नमस्कार.

मी येणार. नक्की येणार. रांजणगावला मित्राच्या साखरपुड्याला जातो म्हणून सांगेन.

सकाळी साडेचारला डेअरीवर येतो तेव्हा कोणी नसतं, तेव्हा गवळण म्हणून बघतो. रिकाम्या कॅनमध्ये आवाज घुमतो. काल म्हस्कूनाना लवकर आले आणि दारात ऐकत उभे राहिले. म्हणाले, "आरं, तुझा गळा बाईसारखा लागतो की!" मी चपापलो. ते मात्र चांगल्या अर्थानं म्हणाले असावेत, कारण अजून एकदा म्हणायला लावलं.

कारेगावला जाऊन आलो. मुलीचं नाव नीलम. बी.एस्सी. झालीय, एका कंपनीत क्वालिटीला आहे. आम्हाला दहा मिनिटं गच्चीवर बोलायला पाठवलं. तिनं विचारलं, "तुमची आवड काय?" मी म्हणालो, "काही नाही." खरं तर तिला तिथंच सांगायचं होतं, सगळं. ती ऐकून घेईल असा चेहरा होता तिचा. पण खालून दादाचं हसणं ऐकू येत होतं. मी कठड्याला धरून उभा राहिलो आणि दहा मिनिटं संपली.

होकार आलाय त्यांचा. मी दादाला म्हणालो, मला नाही करायचं. तो म्हणाला, "का? कारण सांग, आण्णांसमोर सांग." आण्णांना मागच्या वर्षीच झटका येऊन गेलाय, तुम्हाला माहीत आहे.

पण ११ तारखेला मी येतो. तेवढा एक दिवस तरी माझा.

सत्यजीत


दौंड
१४ फेब्रुवारी २०२४

चि. सत्यजीत,

तू आला न्हाईस ते तुझं नशीब म्हणायचं. तुला कुणी सांगितलं का न्हाई मला ठाव न्हाई, म्हणून सगळं लिव्हतो.

तीन वाजता आम्ही वीस-बावीस जणं होतो. अनुपमानं नर्सच्या ड्रेसवरच साडी नेसली होती, ड्युटीवरनं पळत आलेली. हर्षदाची आई खरंच आली होती, पहिल्या खुर्चीवर पदर घेऊन बसलेली. करिश्मानं माईक घेतला आन् म्हणाली, "आज शटर न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी क्लॅरनेट तोंडाला लावला आन् तेवढ्यात दोन गाड्या आल्या.

दहा-बारा माणसं. कुणी मारामारी करायला आल्यासारखं न्हवतं, हेच वाईट. दोघं दारात उभं ऱ्हायले आन् बाकीचे मोबाईल काढून एकेकाच्या तोंडासमोर धरत गेले. "नाव सांगा. गाव सांगा. बोला की, लाजता कशाला?" हर्षदाच्या आईलाबी विचारलं, "मावशी, तुमी कुणाच्या?" तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. करिश्मानं एकाचा मोबाईल खाली पाडला तवा तिला मारलं. तोंडावर, सगळ्यांसमोर, दोनदा. हॉलच्या मालकानं आम्हालाच बाहेर काढलं.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळीकडं. अनुपमाचा बाप रात्रीच्या गाडीनं आला आन् तिला घेऊन गेला. तिचा फोन बंद हाय. दवाखान्यानं तिच्या जागी दुसरी नर्स घेतलीबी.

आता एक गोष्ट. त्या माणसांना हॉल ठाव होता, वेळ ठाव होती. सकाळी कळलेल्या माणसाला दोन गाड्या गोळा करता येत न्हाईत. म्हंजी आधीपासनं ठाव आसणारे चौघंच. करिश्मानं मार खाल्ला. मी हितंच होतो. तू गावात, तुझा फोनबी भाऊ तपासतो. ऱ्हायला माऊली. आन् माऊली आला साडेतीनला. सगळं झाल्यावर. हातात झेंडूच्या दोन पिशव्या घेऊन दारात उभा, आन् विचारतो, "काय झालं?"

तुला काय वाटतं?

रोहिदासमामा


कवठे येमाई
२४ फेब्रुवारी २०२४

ती. मामांना नमस्कार.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. करिश्माताईला कसं आहे आता? कान वगैरे दुखत नाही ना?

मला त्या दिवशी ताप होता म्हणून येता आलं नाही.

माऊलीबद्दल तुम्ही विचारलंत. माऊली असं करेल असं मला वाटत नाही. पण मी त्याला फार ओळखत नाही, पाचच रविवारांची ओळख. तुम्हाला जास्त माहीत. घाई करू नका एवढंच म्हणेन. कधी कधी माणसाकडून एखादी गोष्ट निघून जाते, त्याच्या मनात तसं नसतं.

इकडं लग्न ठरल्यात जमा आहे. मी आता विरोध करत नाही.

सत्यजीत


दौंड
२२ मार्च २०२४

चि. सत्यजीत,

तुझं पत्र वाचून मला वाटलं, पोरगं मनाचं मऊ हाय, दुसऱ्याला बोल लावायला त्याची जीभ उचलत न्हाई. तुझं ऐकलं आसतं तर बरं झालं आसतं.

मार्चचा दुसरा रविवार आला. शेडात सहाच माणसं. माऊली ढोलकी घेऊन आला, नेहमीसारखा. मी दारातच त्याला आडवा आलो. म्हणलं, "किती घेतलंस?"

त्याला कळंना. "कशाचं, मामा?"

"आम्हाला इकायचं."

तो माझ्याकडं बघत ऱ्हायला. मग आत करिश्माकडं बघितलं. करिश्मानं मान फिरवली. तो म्हणला, "मामा, माझं तोंडबी त्या व्हिडिओत आसतं तर बरं झालं आसतं व्हय?" मी म्हणलं, "व्हय. बरं झालं आसतं." त्यानं ढोलकी दारात ठेवली आन् गेला. दारातली मोटारसायकलबी घेतली न्हाई, स्टेशनच्या बाजूनं चालत गेला.

तेरा तारखेला त्याची आई आली. सिंधूबाई. मी तिला कधी पाहिली न्हवती. दारात लागलेली मोटारसायकल ओळखून आत आली. म्हणली, पोरगं रविवारपासनं घरी न्हाई, कंपनीतबी न्हाई, फोन बंद. स्टेशनवर चौकशी केली. दौंडातनं दिवसाला किती गाड्या सुटत्यात, कुठल्या गाडीत बसला कोण सांगणार? पोलिसांनी मिसिंग लिहून घेतली आन् म्हणले, "मोठा हाय, येईल."

मी भीत भीत विचारलं, "त्या आकरा तारखेला त्याला हिकडं यायला उशीर का झाला?" तर ती म्हणली, "माझ्यापायी. फुलं तोडाया बाया आल्या न्हाईत. त्यो म्हणला, मी जातो, मी म्हणलं, कार्यक्रमाला न्यायची तर चांगली टवटवीत ने. दुपारपातुर आमी दोघं मायलेक वाकून तोडत व्हतो."

सत्यजीत, त्या रात्री मला झोप न्हाई. आजपातुर न्हाई. माऊलीनं न्हाई सांगितलं, मी न्हाई, करिश्मानं न्हाई. मंग कुणी सांगितलं? म्हस्कूनं माझं पत्र फोडलं आसंल का? तुझ्या डेअरीत कुणी वाचलं आसंल का? आठवून बघ. मला लवकर कळव.

रोहिदास


कवठे येमाई
२ मे २०२४

मामा,

म्हस्कूनानांनी पत्र फोडलं नाही. डेअरीत कुणी वाचलं नाही.

मी सांगितलं.

फेब्रुवारीच्या पाच तारखेला. दादानं माझ्यावर हात उचलला नाही. उचलला असता तर बरं झालं असतं, निदान तसं तुम्हाला लिहिता आलं असतं. तो गोठ्यात माझ्याशेजारी बसला, खांद्यावर हात ठेवला. दिवाळीपासून पहिल्यांदा त्यानं मला हात लावला होता. म्हणाला, "मला फक्त बघायचंय तू कुठं जातोस, कसल्या माणसांत बसतोस. तेवढं सांग. कारेगावला मी उद्या न्हाई म्हणून कळवतो. आण्णांना काय सांगायचं ते मी बघतो." मी विचारलं, "खरंच?" तो म्हणाला, "आईची शपथ."

मी हॉल सांगितला, तारीख सांगितली. वेळही सांगितली. वेळ तर त्यानं विचारलीही नव्हती.

अकरा तारखेला सकाळी तो गाडी घेऊन निघाला, तेव्हा गाडीत चार जण बसलेले पाहिले. तेव्हाच कळलं. डेअरीत कुणाचाही फोन मागून तुम्हाला एक फोन करता आला असता. तुमचा नंबर मला पाठ आहे. मी दुधाचे कॅन धूत बसलो. धुऊन झालेले परत धुतले. मला वाटलं, फोन केला तर दादा म्हणेल आपलं ठरलं होतं, आणि लग्न लावेल. ताप वगैरे काही नव्हता.

माऊलीवर तुमचा संशय आहे हे तुमच्या पत्रात वाचलं तेव्हा एक ओळ लिहायची होती. मी 'घाई करू नका' असं लिहिलं. तुम्हाला तो माझा चांगुलपणा वाटला. त्याला हाकललंत ते वाचलं तेव्हाही एक ओळ लिहायची होती. त्यानंतरचे चाळीस दिवस मी कोरा कागद शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो.

लग्न झालं. एकवीस एप्रिलला. दादाला शपथेची आठवण केली तर म्हणाला, "तुझ्या भल्यासाठीच केलं. ते व्हिडिओ बघितलेस ना? त्यात तू नाहीस, ते कुणामुळं?" बँड दुसरा होता.

नीलम चांगली आहे. परवा विचारत होती, "तुम्ही गाता म्हणे? पोस्टमन सांगत होते." मी म्हणालो, त्यांचा काहीतरी गैरसमज झाला. स्वयंपाकघरात ती एकटीच असताना स्वतःशी गुणगुणते आणि मी आलो की थांबते. तिला वाटत असेल मला आवडत नाही.

माऊली सापडला का? सापडला असेल तर त्याला माझं नाव सांगा. करिश्माताईला सांगा. सगळ्यांना सांगा. तुम्ही मला काय म्हणाल ते मला ऐकायचं आहे.

सत्यजीत


दौंड
१९ मे २०२४

सत्यजीत,

माऊली सापडला न्हाई. सोलापूर, मनमाड, पार नांदेडपर्यंत फोटो लावून आलो. सिंधूबाईबरोबर दोनदा गेलो. एकदा एका माणसानं सांगितलं, कुर्डुवाडीला स्टेशनवर आसा पोरगा पाहिला. जाऊन बघितलं, तो दुसराच होता. त्यालाबी कुणीतरी शोधत आसंल.

तुझं पत्र मी करिश्माला दाखवलं न्हाई. ती पुण्याला गेली कायमची. जाताना म्हणली, "मामा, मी मान फिरवली ती आता माझ्या मानेतनं जात न्हाई." तिला आजून एक वझं कशाला देऊ? हर्षदा एकदा येऊन गेली. अनुपमाचं सोलापूरकडं कुठंतरी लग्न लावून दिलं म्हणली. गावाचं नावसुद्धा तिला कुणी सांगंना.

मी तुला काय म्हणतो ते तुला ऐकायचंय. मी लय शब्द जुळवून बघितले. तू सांगितलंस हे खरं हाय, आन् ते लहान न्हाई. पण शेडच्या दारात माऊलीला मी आडवा आलो होतो, तुझा भाऊ न्हाई. छप्पन वर्षांचा मी. मला त्या पोराला आत बसवून एकदा विचारता आलं आसतं, 'उशीर का झाला?' आईला तीन दिवसांनी विचारलं ते त्याला विचारलं न्हाई. त्याच्यामुळं तुला शिव्या द्यायला बसलो की मधीच माझा आवाज बसतो.

आता मला पत्र पाठवू नको. रागानं म्हणत न्हाई. तुझं पत्र आलं की मला वाटतं माऊलीचं आसंल, आन् पाकिटावरचं अक्षर बघून मी बाहेर वट्यावर जाऊन बसतो. त्या नीलमला मात्र सांग. माझ्या बायकोला मी सांगितलं न्हाई. तू सांग.

काल सिंधूबाई आली होती, माझ्या घरी. चहा घेतला. मग म्हणली, "दादा, खरं सांगा. रविवारी पोरगं तुमच्याकडं काय करायचं?"

मी सांगितलं. सगळं. आम्ही कोण, कशाला जमायचो, माऊली कसा होता, त्याला कुणाबद्दल काय वाटायचं. मला वाटलं, उठून जाईल. ती बशीकडं बघत बसली होती.

"घरात त्याचं तोंड कायम उतरलेलं," ती म्हणली. "मला वाटायचं, कंपनीतलं काम झेपत न्हाई. तितं हसायचा का?"

म्हणलं, "हसायचा. ढोलकी वाजवताना लय हसायचा."

"मंग झालं." ती पदर खोचून उठली. दारात चप्पल घालता घालता म्हणली, "घरी यायला त्याला तोंड व्हणार न्हाई. मी वळखते त्याला. पण हितं यील. पयल्यांदा तुमच्या त्या शेडातच यील, बघा. तवा त्याला आत घ्या. रविवार नसला तरी दार लावू नगा."

शेड मी एक तारखेलाच सोडलं. मालकानं सिमेंटवाल्याला दिलं. आत छतापर्यंत गोण्या हायेत आन् बाहेर त्याचं कुलूप.

"व्हय," म्हणलो मी. "उघडंच ठेवतो."

रोहिदास